कपड्यात माया ठेवा

रमजानचे पंधरा रोजे सरले की आपल्या पोरापोरींच्या मोबाइलवर एकच बाजार भरतो. मुलींसाठी ‘पाकिस्तानी सूट’, मुलांसाठी ‘पठाणी’, आणि गेल्या काही वर्षांपासून या सगळ्यावर ‘व्हिंटेज’ नावाची चिठ्ठी. जुन्या हवेलीची कमान, झुंबर, पिवळट रंगाचा फोटो, मागे गझल. भद्रावतीतली मुलगी ते पाहते, साठवलेले पैसे भरते आणि आठवड्याभराने पुडके येते. आत असतो सुरतेकडच्या कारखान्यातला पॉलिएस्टरचा सूट. त्याचा पाकिस्तानशी संबंध नावापुरता, नवाबाशी तेवढाही नाही, आणि त्या मुलीच्या नानी-दादीशी तर काडीचाही नाही. ईदची सकाळ, शिरखुर्मा, दहा-बारा फोटो, की सूट कपाटात. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात तो सूट तासभर अंगावर ठेवून दाखवणाऱ्याला मी मानेन.

मला कपड्यांची आवड आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्या चळवळीतल्या लोकांना कपड्यांवर लिहिणारी बाई उथळ वाटते. शिक्षण, रोजगार, तलाक, दंगली एवढे विषय पडलेले असताना कपडे कसले? पण कपड्यांचा विषय आम्ही काढलेलाच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याविरोधात आंदोलने सुरू असताना देशाच्या पंतप्रधानांनी झारखंडमधल्या सभेत सांगितले होते की, जाळपोळ करणारे कोण ते त्यांच्या कपड्यांवरून ओळखू येते. २०२२ मध्ये कर्नाटकातल्या मुली डोक्यावरच्या कापडामुळे वर्गाबाहेर राहिल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १३ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या हिजाब-टोपीबंदीला सर्वोच्च न्यायालयानेच अंशतः स्थगिती दिली. म्हणजे आमच्या अंगावर काय आहे याची चर्चा पंतप्रधान करतात, न्यायमूर्ती करतात, मोहल्ल्यातले मौलाना करतात, यूट्यूबवरचे दाढीवाले आणि बिनदाढीवाले दोघेही करतात. आम्ही केली की ती उथळ!

एक बाजू आम्हाला कपड्यांवरून ओळखू पाहते, दुसरी कपड्यांवरून आमचे ईमान मोजते. दोघांनाही हवा असतो गणवेश. दुरून दिसला की कळले पाहिजे, हा ‘तो’ आहे, ही ‘ती’ आहे. आणि बाजार दोघांनाही माल पुरवतो. एका दुकानात भगवे उपरणे, शेजारच्याच दुकानात ‘दुबई अबाया’. माझे म्हणणे एवढेच आहे की या तिघांच्याही तावडीतून सुटायची वाट आपल्या घरातल्या लोखंडी पेटीतून जाते.

ती पेटी उघडा. खरेच उघडा, डांबरगोळ्यांचा वास सहन करा. माझ्या नानीच्या पेटीत काय होते ते सांगते. चौकड्याची तीन सुती लुगडी. एक कोशाची करवती साडी. पांढऱ्या मलमलीच्या दोन ओढण्या. एक बुरखा, तोही जुन्या पद्धतीचा, टोपीवर चुण्या घातलेला. शेवटी तळाशी ठसठशीत रंगाच्या गुळगुळीत कापडाचा एक चोळीचा तुकडा, ज्याला ती ‘मशरू’ म्हणायची. शरारा नव्हता. घरारा नव्हता. ज्याला तुम्ही आज इन्स्टाग्रामवर ‘मुस्लिम व्हिंटेज’ म्हणता, त्यातले काहीही नव्हते. नानी लुगड्यात स्वयंपाक करायची, लुगड्यातच कापूस वेचायला जायची आणि पदर नीट गुंडाळून लुगड्यातच नमाज पढायची. तिच्या ईमानाला कुणी बोट लावल्याचे मी ऐकले नाही.

कॉलेजात ‘ट्रॅडिशनल डे’ला मी तीच करवती नेसून गेले होते. वर्गातल्या एका मैत्रिणीने मनापासून विचारले, “अगं, तू तुमच्यातलं का नाही घातलंस?” संध्याकाळी घरी आले तर शेजारच्या खालांनी अम्मीला ऐकवले, “ये तो हिंदुआनी लिबास है, बच्ची को समझाओ.” एकाच दिवशी, एकाच साडीवर, दोन्हीकडून एकच निकाल. दोघींचाही जीव चांगला. दोघींनाही वाटत होते की साडीला धर्म असतो आणि तो आमचा नाही.

आता ‘हिंदुआनी’ लुगड्याचा इतिहास ऐका. १८५७ नंतर इंग्रजांच्या सूडाला आणि गिरणीच्या कापडाला कंटाळून उत्तरेतले मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले. बरेचसे मालेगावात थांबले. तिथे त्यांनी काय विणले? रंगीत लुगडी. ती नेसल्या खानदेशातल्या, नाशिक-नगरकडच्या शेतकरी बायका. आमच्या बाजूला नागपूरच्या मोमिनपुऱ्यात आणि कामठीत मोमिनांचे माग चालले, कोष्टी आणि हलबा विणकरांच्या मागांच्या जोडीने. मराठी बाईच्या अंगावरचे सुती लुगडे पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान विणकराच्याही हातून आले आहे. ते हिंदू कसे आणि मुसलमान कसे, हे सांगायला कोणता मुफ्ती किंवा कोणता संस्कृतिरक्षक पुढे येतो ते मला पाहायचे आहे.

आणि मशरू. या कापडाच्या नावातच शरियत आहे: मशरू म्हणजे शरियतला मान्य. पुरुषाने निव्वळ रेशीम अंगाला लावू नये असा संकेत, आणि रेशमाचा मोह तर सुटत नाही. मग विणकराने असे कापड काढले की बाहेरून रेशमाची झळाळी आणि आतून, कातडीला लागते तिथे, सूत. औरंगाबादचा हिमरूही रेशीम आणि सुताच्याच मेळातला. मला हे कापड फार आवडते, कारण त्यात एक कारागीर मौलानाशी भांडला नाही आणि हारलाही नाही. त्याने धोटा चालवून प्रश्न सोडवला. पुढे हे कापड हिंदू बायकांच्या चोळ्यांतही गेले. तेव्हा कुणी त्याचा कलमा विचारला नाही.

तर माझा पहिला राग या ‘नवाबी व्हिंटेज’वर आहे. आपल्यापैकी किती जणांचे पणजोबा नवाब होते? हात वर करा. महाराष्ट्रातला बहुसंख्य मुसलमान हा मोमीन, मन्सुरी, दर्जी, रंगरेज, छिपा, बागवान, तांबोळी, अत्तार, कुरेशी, फकीर यांच्या घरातला आहे. कापूस पिंजणारे आम्ही, सूत विणणारे आम्ही, रंगवणारे, छापणारे, शिवणारे, रफू करणारे आम्ही. कापडाच्या प्रवासात बोंडापासून काज-बटणापर्यंत एकही मुक्काम नाही जिथे आमचा माणूस बसलेला नव्हता. आणि आज आम्ही वारसा म्हणून काय मिरवतो? दुसऱ्याच्या हवेलीतली शेरवानी. पिंजाऱ्याच्या नातवाला आपल्या आजोबांच्या धनुकलीची लाज वाटते आणि अवधच्या दरबाराचा अभिमान वाटतो. याला मी फॅशन म्हणणार नाही. जातीची लाज आहे ही, जरीच्या बुट्ट्या लावलेली.

भूगोलही पाहा. भद्रावतीहून वर्धा नदी दूर नाही. नदीपलीकडचा राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, अलीकडचा चांदा मध्य प्रांतात. पलीकडच्या जुन्या घरांत हैदराबादी वळणाचा खडा दुपट्टा निघेल, शेरवानी निघेल. ती त्यांची आहे, त्यांनी खुशाल घालावी. अलीकडे सुती लुगडे आणि कोसा. एका जिल्ह्यात दोन पेहराव, दोन्ही मुसलमानांचे. मग ‘मुस्लिम पेहराव’ हा एकवचनी शब्द आला कुठून?

कोशाचे आणखी थोडे, कारण ते इथलेच आहे आणि आम्हालाच ठाऊक नसते. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात. हे काम मुख्यतः ढिवर समाजाचे. आरमोरी, नागभीड या पट्ट्यात कोसा काढला जातो, विणलाही जातो. करवती साडीचे अंग कोशाचे, काठ सुती, आणि काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, म्हणून नाव करवत काठी. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सावलीला खादीचे काम इतके जुने आहे की १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन तिथे भरले आणि गांधीजी त्यासाठी आले होते. वरोऱ्याला आनंदवनात हातमाग आहेत. भद्रावती, वरोरा, कोरपना हे कापसाचे तालुके. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारात नावाने ओळखला जाई. एवढ्या सगळ्याच्या मधोमध राहून आम्ही मोबाइलवर पॉलिएस्टर मागवतो.

नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. ती बंद पडली आणि तिच्या जागेवर आज मॉल आहे. त्या मिलमध्ये राबलेल्यांची नातवंडे त्याच जमिनीवर सेलच्या रांगेत उभी राहतात. स्वस्त मिळते म्हणून. स्वस्त कसे पडते तेही माहीत असू द्या. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी शिवणकामगारांना कामावर बोलावले गेले. ११०० हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक तरुण बायका. त्याआधीच्या सप्टेंबरात कराचीतल्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेच्या वर कामगार गेले. तुमच्याच वयाच्या, तुमच्यासारख्याच नावांच्या मुली. ‘उम्मत’ हा शब्द आपल्याकडे फार वापरतात. फिलिस्तीनसाठी स्टेटस ठेवणाऱ्या माझ्या भावंडांनो, ते जरूर ठेवा. पण दर महिन्याला एक टीशर्ट घेऊन दुसऱ्या महिन्यात फेकताना त्या आयेशा-फातिमाही उम्मतीतच मोजा. इस्राफ म्हणजे उधळपट्टी. सूरह आराफमध्ये शृंगार करा असेही सांगितले आहे आणि उधळू नका असेही, एकाच आयतीत. जुम्म्याच्या बयानात दुसरा अर्धा भाग बिर्याणीच्या ताटापुरता उरला आहे. कपाटापर्यंत तो पोहोचत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही: “हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले. कोशाची साडी कितीला पडते माहीत आहे का?” माहीत आहे. नवी करवती मला परवडत नाही. शहरातल्या बुटीकमध्ये ‘हँडमेड’ची पाटी लावून जे दर सांगतात ते ऐकून मी पाणी न पिताच बाहेर येते. मी श्रीमंतांच्या व्हिंटेजबद्दल बोलतच नाहीये. गरिबाच्या घरी जुना कपडा ही काय चीज असते ते आठवा. साडी जुनी झाली की तिचे परकर-पोलके, त्यातून उरले की दुपटे-लंगोट, मग गोधडी, मग पोछा. अब्बांच्या बुशशर्टची कॉलर विरली की ती उसवून उलटी लावायची. मोठ्याचा कुर्ता धाकट्याला. आपले पैगंबर स्वतःचा कपडा स्वतः शिवत, जोडा स्वतः दुरुस्त करत, असे हदीसमध्ये येते. ही सुन्नत लांबी-रुंदी मोजणाऱ्यांच्या यादीत कधी दिसत नाही. घरोघर फिरून जुन्या साड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणीला विचारा, आता तिला काय मिळते. ती म्हणते, नव्या कपड्यांचे काही होत नाही, ताई. ना गोधडी, ना पोछा. पाणीच पीत नाहीत.

शिवणकामात एक सुंदर शब्द आहे. कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, पुढे अंग भरले तर उसवून सैल करता यावे म्हणून, त्याला माया म्हणतात. “माया सोडा थोडी,” असे अम्मी दर्जीचाचांना सांगायची. रेडिमेड कपड्यात माया नसते. अर्ध्या इंचावर यंत्राने कापलेले असते. अंग वाढले की कपडा गेला. आमच्या वॉर्डातले दर्जीचाचा पायमशीनवर बसून हेच म्हणतात, “ये कंपनीवाले माया नहीं छोड़ते, बेटा, इसलिए इनका कपड़ा बड़ा नहीं होता.” कंपनीला तुमचा कपडा तुमच्याबरोबर वाढायलाच नको आहे.

माझ्याकडे आज वापरातले अकरा कपडे आहेत. नानीची करवती मधोमध विरली होती. तिचा काठ शाबूत ठेवून दर्जीचाचांनी गुडघ्याखाली येणारा कुर्ता बेतला, आत जुन्या मलमलीचे अस्तर. अब्बांचा सत्तरच्या दशकातल्या कटाचा पांढरा बुशशर्ट, टोकदार कॉलरचा; खांद्यात आत घेतला आणि मी तो सलवारवर घालते. खादीचे दोन कुर्ते. चौकड्याच्या लुगड्याचे दोन झगे आणि एक लांब ओढणी. उरलेल्यात दोन साड्या आणि हिवाळ्याचे जॅकेट. ओढणी मी कधी डोक्यावर घेते, कधी खांद्यावर. बस स्टँडवरून ऑफिसला जाताना लोक वळून पाहतात, कारण मी कोण हे त्यांना चटकन सांगता येत नाही. तेवढ्यासाठी तरी हे कपडे मला प्रिय आहेत.

मुलग्यांनो, तुम्ही सुटला असे समजू नका. बहिणीच्या ओढणीची लांबी तुम्ही मोजता आणि स्वतः गुडघ्यावर फाडलेली जीन्स पैसे मोजून आणता. ज्या देशात बाप थिगळ लपवत होता तिथे पोरगा फाटके विकत घेतो! तुमच्या अब्बांची सफारी, दादांचा चौकडी तहमद, हातावरचे एचएमटीचे घड्याळ, हे सगळे पेटीत आहे. सफारीचा वरचा अर्धा भाग उन्हाळ्यात जीन्सवर काय छान दिसतो, ते एकदा करून पाहा. आणि हो, शिवायला शिका. दर्जी पुरुष असू शकतो तर भाऊही असू शकतो.

अबायाबद्दल बोलल्याशिवाय हा लेख पूर्ण मानला जाणार नाही, म्हणून बोलते. एखादी मुलगी अबाया घालून बारावीला, नर्सिंगला, न्यायालयात जात असेल तर तिला फाटकावर अडवणाऱ्याच्या विरोधात मी तिच्या शेजारी उभी आहे. काय घालावे हे तिने ठरवायचे, सरकारने नव्हे. पण ‘तिने ठरवायचे’ हे वाक्य घरातही तितकेच लागू आहे. ज्या मोहल्ल्यात दहा वर्षांत सगळ्या मुली एकाच रंगाच्या, एकाच कापडाच्या, एकाच शिलाईच्या होतात, तिथे प्रत्येकीने वेगवेगळे बसून ठरवले आणि सगळ्यांचे उत्तर एकच आले, हे मला पटत नाही. आणि तो पेहराव चौदाशे वर्षांचा नाही. माझ्या नानीच्या पेटीतला चुण्यांचा बुरखासुद्धा त्याला ओळखणार नाही. परंपरा म्हणून तुम्हाला जे विकले जात आहे, ते तुमच्या अम्मीच्या लग्नाच्या अल्बमपेक्षा नवे आहे. अल्बम काढून पाहा.

कपड्याने माणूस बदलत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी चांद्याला नेईन. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी दलित स्त्रियांना सांगितले होते की, जातीची खूण ठरणारी लुगड्याची नेसण आणि तसले दागिने टाकून द्या. पुढे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला दीक्षेसाठी आमच्याच गावांतून माणसे पांढऱ्या कपड्यांत गेली. अंगावरची खूण कोणती ठेवायची आणि कोणती उतरवायची, हे त्यांनी स्वतःच्या हातात घेतले. शेजारच्या वस्तीने हे करून दाखवले. आम्ही त्यातून काय शिकलो?

तेव्हा कामाला लागा. आधी अम्मीला, खालाला, फुफीला सोबत बसवून पेटी उघडा आणि प्रत्येक कापडाचे नाव विचारून लिहून घ्या. नाव सांगणाऱ्या बायका कमी होत चालल्या आहेत. विरलेले कापड उन्हात धरून पाहा, जिथे उजेड आरपार येतो तिथे कात्री, बाकीचे शाबूत. खरी जर असेल तर ती जाळून चांदी काढणाऱ्याला देऊ नका. कोसा घरी ब्रशने घासू नका. मापाला जाताना अंगावर नीट बसणारा एक जुना कपडा सोबत न्या, दर्जीला सांगण्यापेक्षा दाखवलेले बरे. ईदसाठी हवे असेल तर शाबान लागायच्या आधी जा; आमचे दर्जीचाचा त्यानंतर नवे काम घेत नाहीत, त्यांचा मुलगा मोटारसायकलच्या शोरूमला लागला आहे आणि मशीनवर ते एकटेच उरले आहेत. हाताने काज करणारी बाई आमच्या वस्तीत आता एकच आहे. ती मंगळवारी आणि शुक्रवारी, जोहरनंतर बसते.